समितीसाठी बुडणारा देवानंद

पूर्णेच्या काठावर येवलखेड आहे, आणि येवलखेडच्या खालच्या अंगाला देवानंदचा भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबार, उन्हाळ्यात काकड्या. सांबार म्हणजे कोथिंबीर; वऱ्हाडात तिला दुसऱ्या नावानं मागितलं तर भाजीवाली आधी तोंडाकडे पाहते. पहाटे जुड्या बांधायच्या, जीपच्या टपावर टाकून दर्यापूरच्या बाजारात न्यायच्या, दुपारी मळ्यात परत यायचं. हा झाला त्याचा धंदा. पण सरकारी माणसांत त्याला कोणी माळी म्हणून ओळखत नाही. तिथं त्याचं नाव 'बुडणारा'. साहेबांचा दौरा ठरला की कोणीतरी कोणाला तरी विचारतं, "बुडणाऱ्याले फोन केला का?" आणि मग देवानंदच्या खिशातला फोन वाजतो.

ते असं आहे. पूर आला, वीज पडली, कुठं आग लागली तर कोणी काय करायचं, याचा आराखडा दर वर्षी तयार होतो. त्यासाठी वरून निधी येतो. त्या निधीतून नावा, दोर, जाकिटं घ्यायची, गावोगावची पोरं निवडून त्यांना बचावाचं काम शिकवायचं. आता हे सगळं खरंच होतं की नुसतं लिहून ठेवलं जातं, हे कोणी बघायचं? तर ते बघायला समित्या. जिल्ह्याची समिती असते, विभागाची असते, आणि कधीमधी निवडून आलेल्या लोकांची मोठी समिती मुंबईहून येते. समिती आली की तिला तलावावर नेऊन रंगीत तालीम दाखवतात. तालीम म्हटली की नाव पाहिजे, नावेत पथक पाहिजे. पण पथकाला वाचवायला कोणीतरी बुडावं लागतं. ते काम देवानंदचं.

या कामात तो पडला तोही भाजीमुळंच. फार वर्षांमागं अमरावतीच्या अलीकडच्या एका तलावावर अशीच तालीम होती आणि तिथल्या जेवणाची वांगी देवानंदनं पोचवली होती. बुडायला ठेवलेला होमगार्ड कमरेइतक्या पाण्यात गेला आणि तिथूनच परत फिरला. पथकाचा म्होरक्या पंजाबराव, तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या, घामाघूम होऊन इकडंतिकडं पाहत होता. त्याला चुलीपाशी वांगी उतरवणारा हा उंच गडी दिसला. पोहता येतं का, एवढंच त्यानं विचारलं. देवानंदनं शर्ट काढून निंबाला अडकवला आणि गेला पाण्यात. तेव्हापासून तो बुडतोच आहे.

बुडावं तर देवानंदनंच, असं लोक म्हणतात. मधोमध जातो, एक हात वर करतो, गडप होतो. काठावरच्या बाया तोंडाला पदर लावतात. मग तो वर येतो, पाण्याची चूळ उडवतो, पुन्हा खाली. तेवढ्यात शिट्टी होते, नारिंगी जाकिटातली पोरं नाव घेऊन पोचतात, त्याच्या काखेत हात घालून एका झटक्यात वर ओढतात. टाळ्या.

त्या झटक्यातली मेख देवानंदला आणि पोरांनाच ठाऊक होती. पोरं ओढायची, पण चढायचा देवानंदच. पाण्याखाली दोन्ही पाय मारायचा, नावेच्या कडेवर कोपर रोवायचा आणि सर्रकन आत यायचा. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या गावची पोरं, बाहेरचे मोठे लोक बघायला बसलेले, आणि आपण जड होऊन पोरांची फजिती करायची? आपल्याकडं सोयऱ्यांपुढं घरची भाकरी करपली तरी घरचे लोक ती निमूट खातात, तसंच हे. पुढं त्याचा रिवाजच पडला. पोरं शिकली ती याच तालमींवर. त्यांनाही वाटायला लागलं, माणूस पाण्यातून असाच निघतो.

मग मागल्या साली श्रावणात पूर्णा खालच्या आळीत शिरली.

माणिकबाई म्हातारी शेळ्या सोडून निघायला तयार नव्हती. शेळ्या गेल्या, भिंत गेली, आणि म्हातारी वाहत जाऊन बाभळीला अडकली. पथकाची नाव पोचली, वेळेवर पोचली. नावेत रोहित होता, स्वप्निल होता. दोघंही गुणी, जीव देतील अशी पोरं. रोहितनं शिकवल्याप्रमाणं म्हातारीच्या काखेत हात घातले. म्हातारीनं त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि ओल्या पोत्यासारखी सगळा भार देऊन लोंबकळली. नाव कलंडली. रोहितचा खांदा निखळला. स्वप्निल दोर कुठं फेकावा या विचारात उभाच राहिला. देवानंद काठावरून बघत होता, त्यानं उडी मारली. ना जाकीट, ना दोर. कसंबसं म्हातारीला बाभळीच्या फांदीवर बसवलं आणि पाणी उतरेस्तोवर धरून ठेवलं.

म्हातारी वाचली. खोकत राहिली, पण वाचली. कोणी कोणाला बोल लावला नाही. फक्त रोहित दवाखान्यातून हात गळ्यात बांधून आला तेव्हा मळ्यात येऊन बसला आणि म्हणाला, "काका, बुढी वर येतच नव्हती. तुमी तर येता."

पोरानं ते साधेपणानं म्हटलं होतं. पण देवानंदच्या मनात ते काट्यासारखं राहिलं. वाफ्याला पाणी देताना, जीपमध्ये जुड्यांवर बसून जाताना त्याला ते आठवायचं. इतकी वर्षं आपण बुडत नव्हतोच, चढत होतो.

घरी शकुननं वेगळंच लावून धरलं. देवानंदची बायको शकुन कमी बोलते, पण जे बोलते ते नांगराच्या फाळासारखं खोल जातं. तिनं सांगून टाकलं की आता पाण्यात जायचं तर रीतसर शिकून, अंगात जाकीट घालून, विम्यात नाव लावून जायचं. नाहीतर मळा बरा. कुठं काही झालं तर हे लोक म्हणतील, हा आमच्या पथकातला नव्हताच. आणि ते खरंच होतं. पथकात तोच, ज्यानं प्रशिक्षण घेतलं. प्रशिक्षण घेतलेला तो, जो नावेत बसला. देवानंद दर खेपेला पाण्यात. पंजाबरावला त्यानं एकदा हे विचारलं, तर पंजाबराव डोकं खाजवत म्हणाला, "ट्रेनिंगले तू होता गा, पन घेनारा नव्हता अन् देनारा बी नव्हता. मधातला होता."

या उन्हाळ्यात मोठी समिती येणार असं कळलं तेव्हा देवानंदनं पहिल्यांदा तोंड उघडून मागितलं. आपत्तीच्या कामाची जिल्ह्याची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या वर्षाली मॅडमना तो जाऊन भेटला. बाई तरुण, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिची नोकरीही दर साली नव्यानं मंजूर व्हायची. तिनं ऐकून घेतलं. नागपूरच्या पुढच्या प्रशिक्षणाला एक जागा माझ्या हातात आहे, म्हणाली. तालीम नीट पार पडू द्या, तुमचं नाव घालते. देवानंदनं घरी येऊन सांगितलं. शकुननं त्या दिवशी वांग्याच्या भाजीत तेल जरा जास्त घातलं.

तालमीचा दिवस वैशाखातला. अमरावती-अकोल्याचा वैशाख ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको आणि ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटणार नाही. तलाव आटून मधोमध उरला होता. काठावर मंडप, मंडपात कूलर, मागं गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला टाकलेले. समिती सकाळी अकोल्यात होती आणि तिथली बैठक लांबत चालली होती. निघाले, निघाले म्हणता म्हणता पथकाची पोरं जाकिटात उकडून निघाली. देवानंद बनियन आणि अर्ध्या पँटवर निंबाखाली बसला होता. बुडणाऱ्याला जाकीट नसतं; जाकीट घातलेला माणूस बुडतोय हे समितीला पटत नाही, असं पंजाबरावचं म्हणणं.

समित्या देवानंदनं इतक्या पाहिल्या होत्या की त्यांच्यात त्यानं दोन जाती पाडल्या होत्या. एक मंडपात बसून बघणारी, दुसरी काठापर्यंत चालत येणारी. काठापर्यंत येणारी क्वचितच. तो हे रोहितला सांगत होता, वेळ जावा म्हणून. रोहितचं लक्ष नव्हतं. तो उजवा खांदा चोळत होता.

"काका," तो हळूच म्हणाला, "आज बी तुमी जरा वर यान ना? खांदा अजून भरून येते."

देवानंद 'हाव, येतो' म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

समिती आली. अध्यक्षबाई वयस्क होत्या, सुती लुगडं, हातात चष्म्याचं घर. त्यांच्याबरोबरचे दोघं-तिघं सदस्य उन्हानं आणि प्रवासानं मोडून आलेले. एकानं खुर्चीत बसताच डोळे मिटले. बाईंनी मात्र प्रश्न विचारायला सुरुवात केली. आराखडा शेवटचा कधी बदलला? निधीतला किती साधनांवर गेला आणि किती माणसं शिकवण्यावर? साधनांवर जास्त का? अधिकारी उठून उत्तरं देत होते आणि भोंगा लावलेला असल्यानं ते सगळं निंबाखालीही ऐकू येत होतं. मग बाईंनी विचारलं, शिकवलेल्या माणसांनी मागच्या पुरात काय केलं? एक साहेब म्हणाले, पथकानं एका वृद्ध महिलेला वाचवलं. बाईंनी मान हलवली. स्वप्निलनं देवानंदकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. देवानंदला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

शिट्टी झाली. देवानंद उठला आणि पाण्यात गेला.

वरचं पाणी तापलेलं होतं, खालचं गार. मधोमध पोचून त्यानं हात वर केला. तिथून मंडप अगदी लहान दिसत होता, जत्रेतल्या दुकानासारखा. तो खाली गेला, वर आला, चूळ उडवली. सगळं अंगवळणी पडलेलं. नाव जवळ आली. रोहित कडेवर ओणवा झाला आणि त्यानं काखेत हात घातले. आता पाय मारायचे, कोपर रोवायचं, आत जायचं. तिथं नागपूर होतं, जाकीट होतं, शकुनचं ऐकलेलं होतं.

त्याला रोहितचा चेहरा अगदी जवळून दिसला. पोरगं ओढत नव्हतं. नुसते हात लावून वाट बघत होतं, हा कधी चढतो त्याची. बाभळीपाशीही याचा चेहरा असाच असेल, देवानंदला वाटलं. आणि पाऊस तर तोंडावर आलेला.

त्यानं पाय ढिले सोडले.

"काका," रोहित दातांमधून म्हणाला, "वर या ना."

"मी नाई येत, रोहित. तू काढ."

रोहितनं ओढलं. देवानंद हलला नाही. स्वप्निल मदतीला त्याच बाजूला आला आणि नाव तिरकी झाली. पंजाबराव काठावरून शिट्टी फुंकत राहिला, जशी काही शिट्टीनंच माणूस वर येतो. भोंग्यावर निवेदन करणाऱ्या मास्तरांपुढं आधीच लिहिलेला मजकूर होता. ते वाचत गेले की पथकानं बाधित व्यक्तीस सुखरूप नावेत घेतलं आहे, आता प्रथमोपचार सुरू आहेत. बाधित व्यक्ती अजून गळ्यापर्यंत पाण्यात होती. मग स्वप्निल तोल जाऊन पाण्यात पडला, आणि मास्तर गप्प झाले. काठावर बघ्यांतली पोट्टी हसली. हसणंही थोड्या वेळानं थांबलं, कारण ते फार लांबलं. रोहितच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खांद्यामुळं की आणखी कशामुळं, कोण जाणे. शेवटी त्यानं पकड बदलली, पाय नावेच्या तळाला टेकवले आणि म्हशीचं रेडकू ओढावं तसं देवानंदला ओढत-खरवडत आत घेतलं. देवानंदचं पोट सोलून निघालं.

काठावर आले तेव्हा अध्यक्षबाई मंडपातून उठून पाण्यापर्यंत आल्या होत्या. तब्येत बरी आहे ना, त्यांनी देवानंदला विचारलं. तो म्हणाला, बरी आहे. मग आजच इतकं जड का झालं? मागं उभे असलेले साहेब घाईनं म्हणाले की हा तालमीचा अवघड भाग होता, मुद्दाम ठेवलेला. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

देवानंदला खोटं बोलायचा कंटाळा आला होता आणि खरं बोलायचाही.

"पह्यले मीच चढत होतो, मॅडम," तो म्हणाला. "आज नाई चढलो."

बाई बरोबरच्या कारकुनाला म्हणाल्या, काढायला लागलेला वेळ टिपून घ्या, आणि उन्हातून हळूहळू मंडपाकडं परत गेल्या. रोडगे तयार झाले होते. डोळे मिटलेले सदस्यही त्या वासानं जागे झाले.

पंजाबराव देवानंदशी बोलला नाही. इतकी वर्षं मिळालेल्या टाळ्यांवर एका दुपारी पाणी पडलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच टाळ्या त्याच्या होत्या. वर्षाली मॅडम मात्र जीपपाशी आली. ती रागावलेली नव्हती. तेच देवानंदला जड गेलं. ती म्हणाली, "देवानंदभाऊ, तुम्ही केलं ते चूक होतं असं मला म्हणता येत नाही. पण ती जागा आता तुम्हाला कशी देऊ? वरचे विचारतील, तालीम बिघडवली त्यालाच का?"

"समजते मले," देवानंद म्हणाला.

"मलाही उत्तर द्यावं लागतं," ती म्हणाली आणि जीपमध्ये बसून तिनं डोकं मागं टेकवलं.

घरी शकुननं पोटावरचे ओरखडे पाहून हळद लावली. जागेचं तिनं विचारलं आणि त्यानं नाही म्हटलं. मग तिनं एवढंच विचारलं, "मंग काहून गेल्ते तुमी?" दोन-तीन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता.

नागपूरची जागा कुंदनला गेली, पथकाची गाडी चालवणाऱ्याला. तो चांगला गडी, पण त्याला पाण्याची भीती. देवानंदनं त्याला जाताना काकड्या बांधून दिल्या.

मृगाच्या आधी पंजाबराव मळ्यात आला. आपण होऊन आला, धुऱ्यावर, मळ्याच्या बांधावर बसला, एक काकडी मोडून खाल्ली, पावसापाण्याचं बोलला. मग म्हणाला की समितीचं वरून आलं आहे. पथकाला पावसाच्या आत नव्यानं शिकवा, तेही इथल्याच पाण्यात. त्यासाठी निधी सोडला. बाहेरचा प्रशिक्षक येतो आहे. आणि अध्यक्षबाईंनी स्वतः म्हणून लिहिलं आहे की बुडणारा माणूस तोच ठेवा.

शकुन पलीकडं मेथी खुडत होती. तिचा हात थांबला. "तेयले म्हना दुसरा पाहा," ती पंजाबरावकडं न बघता म्हणाली. "यायच्या पोटाची कातडी आताशी भरली."

"माय, दुसरा कोन बुडते वो?" पंजाबराव म्हणाला. "बाईनं यालेच ठेवा म्हनलं."

देवानंद जुडी बांधत होता. बांधून झाली, बाजूला ठेवली. मग म्हणाला, "येतो मी. पन सगळ्यायनं बुडाचं. पाळीपाळीनं. रोहितनं, स्वप्निलनं, तुमी बी."

"मी? या वयात?"

"पुरात वय पाहून बुडते का कोनी?"

"अन् मंग तवा नावेत कोन राहीन?"

"मी राहीन."

पंजाबरावनं काकडी चावायची थांबवली. त्याला कळलं होतं, नावेत बसला की देवानंद शिकणाऱ्यांत मोडणार. त्यानं सांगून पाहिलं की प्रमाणपत्र मिळणार नाही, नावं वरून ठरून आली आहेत, विम्याचंही आपल्या हातात नाही. देवानंदनं मान हलवली. त्याला हे सगळं ठाऊक होतं. पंजाबरावनं उरलेली काकडी हातात घेतली आणि बघतो म्हणून निघून गेला. बघतो म्हणजे हो, हे येवलखेडात सगळ्यांना कळतं.

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी पंजाबराव पाण्यात उतरला. देवानंद जाकीट घालून नावेत, कडेवर ओणवा. इतकी वर्षं त्यानं पोरांना ओढताना पाण्यातून पाहिलं होतं, आणि त्यात आहेच काय असं त्याला कुठंतरी वाटत आलं होतं. त्यानं पंजाबरावच्या काखेत हात घातले आणि ओढलं. पंजाबराव हलला नाही. म्हातारा मुद्दाम ढिला पडला होता. उन्हाळ्यातलं तो विसरला नव्हता. देवानंदनं पुन्हा ओढलं. कमरेत कळ गेली, नाव डचमळली, आणि हातातून म्हातारा सटकला. प्रशिक्षक म्हणाला, पकड चुकली, परत. परत तेच. तिसऱ्या वेळी रोहितनं मागून त्याचं मनगट धरलं आणि हात कुठं ठेवायचा ते दाखवलं. तरी जमलं नाही.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याला हात डोक्यापर्यंत उचलता येत नव्हते. शकुननं पाण्याचा गडवा पुढं ठेवला, त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, जमलं का?

"नाई," देवानंद म्हणाला. "पंजाबराव लय जड हाये. उद्या पुन्हा."

शकुननं तेल गरम करायला ठेवलं. "पाठ करा इकडं," ती म्हणाली.